पक्ष्यांचे जाणकार सलीम अली

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले डोंगरी लागते. मुंबईतले डोंगरी वेगळे. तिथे इमारतींची दाटी आहे, इथे टेकडी, झाडी, खाडी आणि थोड्या अंतरावर समुद्र. पावसाळ्यात या बाजूच्या एखाद्या ताडाकडे किंवा शिंदीकडे मान वर करून पाहा. झावळ्यांच्या टोकांना गवताची लांबट घरटी लोंबताना दिसली, तर ती बयाची समजा. उर्दूत ज्याला बया म्हणतात, त्याच पाखराला मराठीत सुगरण म्हणतात. सुगरण म्हणजे घरकामात, विशेषतः स्वयंपाकात हुशार असलेली बाई. इतके सुबक घरटे म्हणजे ते मादीनेच विणले असणार, असे लोकांना वाटले आणि नावही तसेच रूढ झाले.

पण घरटे खरोखर कोण विणते? नर, मादी, की दोघे मिळून? तुम्ही आजीला विचाराल, तर ती एक सांगेल. एखादे जुने पुस्तक दुसरे सांगेल. घरट्यात काजवे मातीने चिकटवून हे पाखरू दिवा लावते, असेही तुमच्यापैकी कोणी ऐकले असेल. यातले काय खरे मानायचे? हा प्रश्न ज्यांनी जन्मभर स्वतःला विचारला, त्या सलीम अली यांची हकिकत आज आपण वाचणार आहोत.

त्यांचे पूर्ण नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना आपल्या घरी वाढवले. घर मोठे, माणसे पुष्कळ. मामांना शिकारीचा शौक होता. त्यामुळे सलीमच्याही हाती लहानपणीच छर्ऱ्याची बंदूक आली.

त्या वयातली एक गोष्ट ऐका. चेंबूरला घोड्यांच्या पागेत भिंतीच्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर राखण करीत असलेला. सलीमने तो नर मारला. थोड्या वेळाने पाहतो, तर दुसरा नर त्याच जागी हजर. तोही मारला. सात दिवसांत त्याने तिथे आठ नर मारले आणि दर वेळी नवा नर येऊन बसला. हे सारे या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आपल्या वहीत लिहून ठेवले. असे का होते, हे त्याला माहीत नव्हते. जे दिसले तेवढेच लिहिले, पदरचे काही घातले नाही. पुढे सुमारे साठ वर्षांनी ती नोंद पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत जवळजवळ जशीच्या तशी छापली गेली. (चिमण्या मारण्याचा हा भाग मात्र तुम्ही गिरवू नका. रानातली पाखरे मारणे आज कायद्याने गुन्हा आहे.)

मग एके दिवशी त्याने पाडलेली एक चिमणी वेगळीच निघाली. दिसायला नेहमीच्या चिमणीसारखी, पण गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती? आणि ही खाणे मुसलमानाला चालेल का? मुलगा मामांकडे गेला. मामा शिकारी होते, पण त्यांनाही सांगता येईना. न कळणारी गोष्ट कळते असे त्यांनी दाखवले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था पशुपक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करते. मामांनी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला पाठवले.

इंग्रजांचे राज्य होते. साहेबाच्या कचेरीत एकट्याने जायचे, तेही कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन! मुलगा घाबरत घाबरत गेला. मिलर्डसाहेब मात्र प्रेमळ निघाले. त्यांनी चिमणी हातात घेऊन पाहिली आणि ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले. ते तेवढ्यावर थांबले असते, तर मुलगा नाव पाठ करून घरी परतला असता. पण त्यांनी कपाटाचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. एकाच जातीचे नर आणि मादी, लहान आणि मोठे, शेजारी शेजारी ठेवले म्हणजे फरक कसा दिसतो हे समजावून दिले. वाचायला पुस्तके दिली. पक्षी सोलून, सुकवून, तारीख आणि ठिकाण लिहून कसा जपायचा, हेही सलीम तिथेच शिकला. जाणत्या माणसाने त्याला उत्तर तर दिलेच, पण उत्तर शोधायचे कसे तेही दाखवले.

शाळेत सलीम हुशार गणला जात नव्हता. डोकेदुखीमुळे शिक्षणात खंड पडला. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. त्यानंतर काही वर्षे ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व्यवसायात गेली. धंदा चालला नाही, पण तिथले रान मनसोक्त पाहून झाले. मधल्या काळात, १९१८ साली, तेहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबईत परतल्यावर नोकरी शोधू लागले, तेव्हा पदवी नसल्याची अडचण उभी राहिली. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. आज त्या संग्रहालयाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. तुम्ही सहलीला गेलात, तर तिथले पक्ष्यांचे दालन चुकवू नका.

दोन वर्षे लोकांना पक्षी दाखवल्यावर त्यांना आपल्या ज्ञानातल्या उणिवा जाणवू लागल्या. दुसरा कोणी असता, तर आपल्याला पुष्कळ कळते असे समजून बसला असता. सलीम अलींनी रजा घेतली आणि १९२८ साली ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे त्या काळचे फार मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. तिशी ओलांडलेले सलीम अली त्यांच्या हाताखाली विद्यार्थी म्हणून बसले. पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांचा प्रवास कसा शोधायचा, हेही ते जर्मनीत शिकले. श्ट्रेझेमान यांना ते अखेरपर्यंत आपले उस्ताद मानत.

१९३० साली परत आले, तो नोकरीच गेलेली! पैशांअभावी संग्रहालयाने ती जागा रद्द केली होती. मुंबईत राहणे परवडेना. तेव्हा पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्राकाठच्या घरात राहायला गेले. पावसाळा आला आणि घराजवळच्या झाडावर बयांनी घरटी विणायला सुरुवात केली.

बेकार माणसाकडे एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे वेळ. सलीम अलींनी घरट्यांजवळ आडोसा केला आणि त्यात लपून तासन् तास बसू लागले. आज काय झाले, कोणत्या घरट्यात झाले, किती वाजता झाले, सगळे वहीत. नर-मादी जोडीने संसार करतात आणि मिळून घरटे विणतात, असा समज तेव्हा प्रचलित होता. अर्धवट सोडलेली घरटी म्हणजे नराला बसायचे झोपाळे, असेही काही जण लिहून गेले होते. किहीमच्या झाडावर मात्र निराळेच दिसत होते. गवताच्या आणि झावळ्यांच्या लांब पट्ट्या चोचीने चिरून आणणारा आणि विणणारा होता नर. घरटे अर्धे झाले की माद्यांची टोळी पाहणी करायला येई. एखाद्या मादीने आत शिरून घरटे पसंत केले, तरच नर ते पुरे करी आणि खाली लांब नळीसारखे दार विणी. कोणीच पसंत केले नाही, तर घरटे अर्धवटच राही. झोपाळ्यांचे कोडे असे सुटले. पसंत करणारी मादी अंड्यांवर बसली, की नर लगेच दुसरे घरटे विणायला घेई, दुसऱ्या मादीसाठी!

तेव्हा नाव सुगरण असले, तरी विणकर नर आहे. मादीचे काम पसंत करण्याचे, आतून अस्तर लावण्याचे आणि पिल्ले वाढवण्याचे. घरट्यात मातीचे गोळे असतात हे खरे आहे, काजव्यांच्या दिव्याची गोष्ट मात्र खरी ठरलेली नाही.

याच सुमाराची आणखी एक घटना आहे आणि मला ती बयांच्या अभ्यासाइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे जंगलात भृंगराज नावाचा काळा पक्षी असतो. त्याच्या शेपटीची दोन पिसे तारेसारखी लांब असतात आणि टोकाशी पानासारखा पिसारा असतो. उडताना पाहा, दोन भुंगे त्याचा पाठलाग करीत आहेत असेच वाटते. ह्यू व्हिस्लर हे भारतातल्या पक्ष्यांचे नामवंत इंग्रज जाणकार होते. पंजाबात त्यांनी पोलीस अधिकारी म्हणून नोकरी केलेली. त्यांनी लिहिले होते की या लांब पिसाच्या दांडीला आतल्या बाजूने पिसारा नसतो, फक्त बाहेरच्या बाजूने असतो. आधीच्या पुस्तकांतही तसेच होते. एकाचे पाहून दुसऱ्याने लिहिले, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने.

सलीम अलींनी पीस हातात घेतले. बोटांनी दांडी चाचपत टोकापर्यंत गेले. पिसारा सुरू होण्याच्या जरा आधी दांडी पिळलेली होती! दोरीला पीळ द्यावा तशी. त्यामुळे आतली बाजू फिरून बाहेर आली होती आणि पाहणाऱ्याला ती बाहेरची वाटत होती. त्यांनी तसे लिहून कळवले.

कोण हा सलीम अली? ना पदवी, ना नोकरी. व्हिस्लर फार रागावले. एका अनोळखी हिंदी माणसाने आपली चूक काढावी, हे त्यांना सहन झाले नाही. सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादकांना त्यांनी खरमरीत पत्रे पाठवली. पण राग ओसरल्यावर त्यांनी एक काम केले. आपल्या संग्रहातली भृंगराजाची पिसे काढली आणि पुन्हा तपासली. पीळ तिथे होताच. व्हिस्लर यांनी चूक मान्य केली आणि पुढे ते सलीम अलींचे जवळचे मित्र झाले.

इथे थोडे थांबा. सलीम अली बरोबर ठरले ते का? त्यांना स्वतःच्या बुद्धीचा अभिमान होता म्हणून नव्हे. पिळाची गोष्ट अशी होती, की ज्याच्याकडे पीस आहे त्या कोणालाही ती तपासता येत होती. व्हिस्लरसारख्या जाणकाराला त्यांनी आपला शब्द मानायला सांगितले नाही, पीस पाहायला सांगितले. आणि व्हिस्लर मोठे ठरले, कारण त्यांनी ते पाहिले.

यानंतरचे सलीम अलींचे आयुष्य प्रवासाचे आहे. हैदराबादच्या निजामाच्या राज्यापासून सुरुवात करून त्यांनी निरनिराळ्या संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली. मेहनताना मागितला नाही, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च घेतला. तेहमीना बेगम अनेकदा सोबत असत. १९३९ साली त्या वारल्या, तेव्हा सलीम अली बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाला झाडावरचे पाखरू ओळखता येऊ लागले. पुढे सिडनी डिलन रिप्ली या अमेरिकन शास्त्रज्ञासोबत त्यांनी दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली त्यांना सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली. त्याच वर्षी पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. पदवी नाही म्हणून ज्याला नोकरी नाकारली गेली होती, तो माणूस आता देशातला सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला होता. सरकार त्यांचा सल्ला घेऊ लागले.

आता तुम्हाला राजस्थानातल्या भरतपूरला नेतो. तिथे एक मोठी पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात दूरदूरच्या देशांतून तिथे हजारो पक्षी येतात. राजेरजवाड्यांच्या काळात ही शिकारीची जागा होती. १९३८ साली व्हाइसरॉयच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो दिवस १२ नोव्हेंबरचा, म्हणजे नेमका सलीम अलींच्या वाढदिवसाचा! स्वातंत्र्यानंतर ही जागा शेतीत जाऊ नये म्हणून सलीम अलींनी खूप धडपड केली. ती वाचली, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आसपासच्या गावांतल्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तिथे चरायला येत. गुरे वनस्पती खातात, तुडवतात, पक्ष्यांना त्रास होतो, तेव्हा चराई बंद व्हावी असे सलीम अलींचे मत होते. ते काही हवेतले मत नव्हते. इतरही बहुतेक जाणकारांना तसेच वाटत होते. १९८२ साली भरतपूरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी चराईवर बंदी आली. गावकरी चिडले. गुरे न्यायची कुठे? पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि त्यात काही गावकरी मृत्युमुखी पडले. बंदी कायम राहिली.

तिकडे सलीम अलींच्याच सोसायटीचे शास्त्रज्ञ १९८० सालापासून भरतपूरला मुक्काम ठोकून होते. पाणी किती, गवत कोणते, मासे किती, पक्षी किती, याची ते सतत मोजदाद करीत. मुलांनो, वर्षे नीट पाहा. काम सुरू झाले १९८० साली आणि बंदी आली १९८२ साली. म्हणजे म्हशी होत्या तेव्हाची आणि म्हशी गेल्यानंतरची, अशी दोन्ही मापे त्यांच्याकडे होती. म्हशी गेल्यावर काय होईल, याबद्दल मते पुष्कळांची होती. पण ते तोवर कोणी पाहिलेले नव्हते, सलीम अलींनीही नाही.

मधेच १९८६ साली आंध्र प्रदेशातून एक आनंदाची बातमी आली. जर्डनचा धाविक नावाचा एक दुर्मिळ पक्षी १९०० सालानंतर कोणाही अभ्यासकाला दिसला नव्हता. सलीम अलींनीही पूर्वी तो शोधला होता आणि रिकाम्या हाताने परतले होते. तो नष्ट झाला असे जाणकार समजून चालले होते. सोसायटीच्या माणसांनी त्याचे चित्र घेऊन कडप्पा जिल्ह्यातल्या गावांत चौकशी केली. तिथल्या एका पारध्याने हा पक्षी आपल्याला ठाऊक असल्याचे सांगितले आणि एका रात्री तो पकडून आणून दाखवला. सलीम अली तेव्हा ८९ वर्षांचे होते. जो पक्षी मोठमोठ्या ग्रंथांत हरवला होता, तो त्या पारध्याच्या रानात होताच. फक्त त्याला कोणी विचारले नव्हते.

२० जून १९८७ रोजी मुंबईत सलीम अलींचे निधन झाले.

भरतपूरची मोजदाद चालूच होती. म्हशींचे चरणे थांबल्यावर पाणगवत बेसुमार माजले. गवताने पाणी झाकले. मोकळे पाणी कमी झाल्यावर मासे कमी झाले आणि पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांना जागा उरेना. म्हशी त्या गवताला आवर घालीत होत्या. दहा वर्षांच्या नोंदींचा अहवाल सोसायटीने १९९१ साली पुरा केला. चराईबंदीने पक्ष्यांचे भले झाले नाही, हे त्यात आकड्यांनिशी मांडलेले आहे. मांडणारे शास्त्रज्ञ सलीम अलींच्याच संस्थेत तयार झालेले होते, वहीत तारीख आणि ठिकाण लिहायला शिकलेले.